४६ किलोंच्या माणसाचा ठोसा

बॉक्सिंगवेड्यांच्या गप्पांत हा वाद हमखास निघतो: जिमी वाइल्ड आणि रोमान गोन्झालेस समोरासमोर आले असते, तर? वाइल्ड वेल्समधला, कोळशाच्या खाणीत राबलेला, १९१६ ते १९२३ फ्लायवेट या वजनगटाचा जगज्जेता. गोन्झालेस निकाराग्वाचा, त्याने याच गटाचं विजेतेपद २०१४ मध्ये मिळवलं. उंची दोघांची जवळपास सारखीच. गटही एकच, कमाल ५०.८ किलो. मग उरलं काय, तर तंत्र, असं धरून मंडळी भांडत बसतात. घोळ होतो तो इथेच.

वाइल्डला त्या मर्यादेत बसायला काही करावंच लागत नसे. ऐन भरातही त्याचं वजन बहुधा ४५ ते ४९ किलोंमध्ये असायचं. आजच्या हिशेबाने तो ४७.६ किलोंच्या सर्वांत हलक्या गटाच्या आसपासचा गडी, आणि तो गट तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आता वजन होतं लढतीच्या आदल्या दिवशी. घाम गाळून, पाणी तोडून काटा ५०.८ वर आणायचा आणि मग चोवीस तास खायचं-प्यायचं. स्नायूंत साठणारं एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी ओढून आणतं. रिंगमध्ये उतरणारा ‘फ्लायवेट’ त्यामुळे चार-पाच किलोंनी जड असू शकतो.

चार-पाच किलोंनी एवढं काय बिघडतं? हे कळायला ठोसा जरा जवळून पाहावा लागेल, आणि मला खरं तर तेच सांगायचंय.

ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांचे ठोसे प्रयोगशाळेत मोजले गेले आहेत, फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंत. मुठीचा सरासरी वेग निघाला सेकंदाला सुमारे ९ मीटर आणि बल सुमारे ३,४०० न्यूटन. मजा पुढे आहे. जड गटांचा ठोसा जास्त जोरदार होता तो मुख्यतः वेगामुळे नव्हे, तर ‘प्रभावी वस्तुमाना’मुळे, म्हणजे मुठीमागे जेवढं वजन प्रत्यक्ष आदळतं त्यामुळे. त्याची सरासरी २.९ किलो.

हे वस्तुमान कुठल्या काट्यावर दिसत नाही. माणसाचा पंजा त्याच्या वजनाच्या जेमतेम ०.६ टक्के असतो, म्हणजे वाइल्डचा पाव किलोच्या थोडा वर. अख्खा हात सुमारे ५ टक्के, म्हणजे २.३ किलो. मूठ जबड्यावर टेकते ते काही मिलिसेकंदांपुरतं. तेवढ्यात मनगट किंवा कोपर सैल असेल तर पंजा थांबतो, मागचा हात दुमडतो आणि त्याचं वस्तुमान पोचेपर्यंत जबडा निघून गेलेला असतो. सांधे ताठ असतील तर पंजा, हात, खांदा आणि थोडंफार धड एकाच दांड्यासारखं येऊन आदळतं. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; वेग तोच ठेवून वस्तुमान वाढलं की संवेगही त्याच पटीत वाढतो.

पण ताठ हात हळू चालतो, कारण सांधा घट्ट करणारे स्नायूच त्याला ब्रेक लावतात. म्हणून निष्णात लढवय्यांच्या स्नायूंचे विद्युत-आलेख घेतले तेव्हा त्यांत दोन शिखरं दिसली: सुटताना एक आकुंचन, मग क्षणभर शैथिल्य, मग टेकताना दुसरं आकुंचन. शंभराच्या आसपास नॉकआउट करणाऱ्या वाइल्डला हे उत्तम साधलं असणार. खाणीत त्याची हाडं लोखंडाची झाली किंवा ‘जन्मजात ठोसा’ होता वगैरे भाकडकथा ऐकायला छान वाटतात, पण मोजायला काहीच देत नाहीत.

मात्र मुठीमागचं हे वस्तुमान उसनं आणायचं ते स्वतःच्याच देहातून. ४६ किलोंचा माणूस ५५ किलोंच्या माणसाएवढं उसनं आणणार कुठून? पाण्याने मूठ मोठी होत नाही, हे खरं. पण ज्याचं एरवीचं वजनच ५५ किलो, त्याचे खांदे, मान आणि पाठ त्याच मापाची असतात. ठोसा देताना ती कामी येतात आणि खाताना डोकं सावरायलाही.

संगणकाला विचारू म्हणाल, तर तोही खेळ झालाय. मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो या दोन काळांतल्या हेवीवेट जगज्जेत्यांची ‘संगणकाने ठरवलेली’ लढत १९७० मध्ये पडद्यावर दाखवली, मार्सियानो तेराव्या राउंडला जिंकला. चित्रीकरण आधीच उरकलं होतं, तेही वेगवेगळे शेवट घेऊन!

त्यापेक्षा १३ जानेवारी १९२१ ची लंडनच्या अल्बर्ट हॉलमधली लढत बघा. वाइल्डसमोर होता वरच्या, बँटमवेट गटातला पीट हर्मन, त्याच्यापेक्षा पाच-सहा किलोंनी जड. वजनाच्या वेळेवरून वाद झाला, वाइल्ड लढायला तयार होईना. पण प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे ब्रिटनचे युवराज, येऊन बसलेले, शेवटी तो उतरला. सोळा राउंड टिकला. सतराव्यात हर्मनने त्याला पुन्हा पुन्हा पाडलं, तरी तो उठतच राहिला. अखेर रेफरीनेच त्याला उचललं आणि कोपऱ्यात नेऊन बसवलं.