जांभळी रेघ म्हणजे वाट नव्हे

ओरिएंटिअरिंगमध्ये, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणं गाठत पळायच्या शर्यतीत, नकाशावरच्या जांभळ्या रेघेला चिकटून पळणाऱ्याचं नेव्हिगेशन स्वच्छ, असा समज कोल्हापुरातही पक्का आहे. चुकीचा आहे. रेघ फक्त कंट्रोलचा, म्हणजे गाठायच्या ठिकाणांचा, क्रम दाखवते.

पन्हाळ्यासारख्या उतारावर हिशेब करून बघा. ढोबळमानाने १ मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे १० मीटर. सरळ अंतर ६०० मीटर, चढ ४० मीटर, म्हणजे झाले १०००. वळसा घालणारी ८५० मीटरची सपाट पायवाट त्यापेक्षा स्वस्त (शिवाय करवंदीच्या जाळीत ओरबाडून घ्यायला नको!).

वाटेला गुण देणारा पंच नसतोच. सगळे कंट्रोल क्रमाने घेतले का आणि वेळ किती लागला, एवढंच मोजतात. स्वच्छपणा बघायचाच असेल तर स्प्लिट टाइम, म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंत लागलेला वेळ, बघा. कंट्रोलजवळ घुटमळण्यात गेलेली मिनिटं तिथं लपत नाहीत.