समुद्राच्या पाण्याने पार्किन्सन जातो का?

"मे महिन्यात २१ दिवस समुद्रात कंबरभर पाण्यात चाला, पार्किन्सन मुळापासून जातो" असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. आपल्या गोव्यात मे महिन्यात अंगदुखीसाठी समुद्रस्नान करायची पद्धत जुनीच, त्यामुळे हे पटकन खरं वाटतं, त्यात कोणाचीच चूक नाही.

पण बघा, पार्किन्सन हा हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, त्यात डोपामिन (हालचाल नीट व्हायला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि खारं पाणी कातडीवरून तिथे काही पोचत नाही. मग पाण्यात चालणं सोपं का वाटतं? कारण कंबरभर पाण्यात पायांवर साधारण निम्माच भार येतो आणि तोल गेला तरी पाणी धरून ठेवतं, माणूस दाणकन पडत नाही, म्हणून पडायची भीती कमी होते आणि पाऊल जरा मोठं पडतं. फिजिओथेरपिस्ट कोमट पाण्याच्या पूलमध्ये हाच सराव करून घेतात, त्याने तोल आणि चाल थोडी सुधारू शकते. आजार राहतोच, गोळ्या बंद करायच्या नाहीत.

या सरावाने चाल सुधारते का हे घरी तपासायचं तर खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, गोळीनंतर रोज एकाच वेळी, आणि महिनाभराने परत बघा, फक्त कोणीतरी बाजूला उभं असू दे.

आणि समुद्रात एकटं अजिबात सोडू नका. लाट ओसरताना पायाखालची वाळू सरकते, त्यात या आजारात होतं तसा पाय अचानक जागीच थिजला तर सावरता येत नाही, आणि पूर्वी पट्टीचे पोहणारे असलेल्यांनाही या आजारात पोहणं जमेनासं होऊ शकतं.