‘ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो ना, मग झालं!’ असं नसतं

अमेरिकेत फिफ्थ-व्हील कॅम्पिंग ट्रेलर (पिकअप ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: पिकअपची ओढण्याची क्षमता ट्रेलरच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त असली की बिनधास्त घ्या. तिथल्या आपल्या मंडळींतही हा सल्ला फिरतो. तो अर्धवट आहे, म्हणूनच जास्त घातक.

फिफ्थ-व्हील ट्रेलर मागच्या बंपरला जोडत नाहीत. त्याची जोडणीची पिन ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या आसपास बसते आणि भरलेल्या ट्रेलरचं साधारण 15 ते 25 टक्के वजन थेट ट्रकच्या पाठीवर येतं. म्हणजे आधी बघायची ती वाहून नेण्याची क्षमता, पेलोड.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. समजा तो आकडा 1,700 पाउंड आहे. ट्रेलर रिकामा 7,500 चा, पण पूर्ण भरल्यावर कमाल 9,800 चा. त्याचे 20 टक्के 1,960. घरातलं कुणी अजून गाडीत बसलेलंही नाही, हिचचं (ट्रेलर अडकवायच्या जोडणीचं) वजन धरलेलं नाही, आणि हिशेब बोंबलला!

रिकामं वजन हा विक्रेत्याचा लाडका आकडा. पाण्याची 50 गॅलनची टाकी भरली की 400 पाउंड तिथेच वाढले. मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, बसवल्याने ट्रकची मागची बाजू उचलल्यासारखी दिसते, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो.

शंका असेल तर सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर वजन करा. मोठाच ट्रेलर हवा असेल, तर आधी ट्रक बदला.