पार्श्वभूमी : कार-टी उपचारामागचा यीस्टचा धागा

४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतील संशोधन केंद्रात, देशातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्याच टी पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखता येईल असे जनुक त्यांत घालायचे आणि त्या शिरेतून परत सोडायच्या, असा हा प्रकार. पेशींची रचना आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांच्या गटाची होती. याचा इतिहास बहुतेक जण इस्रायलच्या झेलिग एशहार यांच्या टी पेशींवरील १९८९ च्या कामापासून सांगतात. ते योग्यच. पण कर्करोगाचे संशोधन एवढे पुढे कसे आले हे समजून घ्यायचे तर लेलँड हार्टवेल या अमेरिकी शास्त्रज्ञाची वाटचालही पाहायला हवी. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग यीस्टवर घालवला.

हार्टवेल यांचा जन्म १९३९ चा. कर्करोगाकडे त्यांचा ओढा आधीपासून होता, पण माणसाच्या पेशींत जनुके एकेक करून तपासण्याची सोय त्या काळी नव्हती. पाव फुगवणारे यीस्ट मात्र दीड-दोन तासांत दुप्पट होते, आणि बिघडलेली जनुके त्यात शोधता येतात. १९६८ मध्ये ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले. २३ अंश तापमानाला नीट वाढणारे, पण ३६ अंशांना अडकणारे यीस्टचे प्रकार त्यांनी गोळा केले. ब्रायन रीड हा पदवीचा विद्यार्थी या यीस्टचे फोटो काढत होता. यीस्टच्या पेशीला विभाजनाच्या वेळी कळी फुटते; तिचा आकार पाहून पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगता येते. एखाद्या प्रकारातल्या सगळ्याच पेशी एकसारख्या कळीवर थांबल्या असतील, तर बिघाड त्याच टप्प्यातला. सगळ्या लोकल कळव्याच्या अलीकडेच उभ्या दिसल्या की ठाणेकराला जसे कळते, तसेच हे. या पद्धतीने विभाजन चालवणारी अनेक जनुके हाती लागली, आणि कर्करोग म्हणजे तर विभाजनाचाच ताबा सुटणे.

पुढे ब्रिटनच्या पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये अशाच एका जनुकावर काम केले आणि १९८७ मध्ये माणसातला त्याचा जोडीदार शोधला. माणसाचे जनुक यीस्टमध्ये घातले तर तेही काम चालवून नेते, हे दिसल्यावर ‘यीस्टचा कर्करोगाशी काय संबंध’ हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला.

मला मात्र हार्टवेल यांचे सर्वांत सुंदर काम १९८८ चे वाटते. टेड वाइनर्ट यांच्याबरोबर त्यांनी यीस्टवर क्ष-किरण सोडले. डीएनए तुटला की साधे यीस्ट विभाजन थांबवते, दुरुस्ती करते, मग पुढे जाते. ‘रॅड-९’ जनुक नसलेले यीस्ट थांबत नाही आणि मरते. पण औषध देऊन त्याला थोडा वेळ मुद्दाम रोखून धरले, तर त्यातल्या बऱ्याच पेशी वाचतात! म्हणजे दुरुस्ती त्याला येत होती. थांबणे येत नव्हते. कर्करोगाच्या अनेक पेशींचाही दोष हाच असतो. नोबेल २००१ मध्ये मिळाले, नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत.

तोवर हार्टवेल सिएटलच्याच फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्राचे प्रमुख झाले होते. १९९७ ते २०१० हा त्यांचा काळ. हे केंद्र डॉनल थॉमस यांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी प्रसिद्ध. तिथल्याच डॉक्टरांनी १९७९ मध्ये दाखवले होते की दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तेव्हा रक्ताचा कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी असते. रोगप्रतिकारक पेशी माणसात कर्करोग मारतात याचा हा ठसठशीत पुरावा होता. हार्टवेल यांनी स्वतः इम्युनोथेरपीचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या जोरावर करायच्या उपचारांचे, प्रयोग केले नाहीत, आणि त्यांना कार-टीचे जनक म्हणणे हा निव्वळ उत्साह ठरेल. यीस्टचा इम्युनोथेरपीशी थेट संबंध दुसरीकडून आला. डेन विट्रप यांनी १९९७ मध्ये यीस्टच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडांचे (ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या रोगप्रतिकारक प्रथिनांचे) तुकडे लावून त्यांतले घट्ट चिकटणारे वेचून काढण्याची पद्धत मांडली. पुढे कर्करोगावरील प्रतिपिंडे घडवताना ती कामी आली.

सिएटलसारखीच जोडणी खारघरला आहे, जरी ती ठरवून झाली असे म्हणता येणार नाही. टाटा मेमोरियलने १९८३ मध्ये परळला देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. पुढे तो विभाग खारघरला आला. १९५२ पासूनची कर्करोग संशोधन संस्थाही परळहून इथेच हलली. त्यामुळे पेशींच्या मूलभूत अभ्यासाच्या प्रयोगशाळा आणि प्रत्यारोपणाचे वॉर्ड एकाच आवारात आले. पहिल्या कार-टी रुग्णाला पेशी दिल्या गेल्या त्या याच प्रत्यारोपण विभागात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने याच कार-टी उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. अमेरिकेत २०१७ साली आलेल्या पहिल्या कार-टीची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. इथला खर्च त्याच्या एका छोट्या भागाइतका असला, तरी तो अजूनही लाखांतच मोजावा लागतो.