चंद्रभागेच्या वाळवंटातील नाणेशोध

पंढरपूरला (जि. सोलापूर) भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. वारकऱ्यांनी पात्रात सोडलेली नाणी पाणी ओसरल्यावर वाळवंटातून शोधून काढतात, त्याला नाणेशोध म्हणतात. समुद्राला ओहोटी दिवसातून दोनदा येते. इथली ओहोटी उजनी धरणाच्या हाती. धरणातून नदीत आवर्तन (ठरावीक मुदतीचे पाणी) सोडले की पात्र भरते, ते थांबले की वाळू उघडी पडते. पावसाळ्यात उजनीबरोबर वीर धरणाचे पाणीही नीरेतून येते आणि पातळी झपाट्याने चढते. तेव्हा पात्रात उतरू नये.

दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फिरवणे ही सोपी रीत. तिने स्टेनलेस स्टीलची नाणी निघतात, म्हणजे १९९२ नंतरचा छोटा रुपया, २००५ नंतरचे दोन रुपये. तांब्याची शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचे नाणे), ढब्बू पैसा, १९४३ ते ४७ मधला काशाचा भोकाचा पैसा, चांदीचा रुपया यांपैकी काहीच चुंबकाला लागत नाही. ठळक अपवाद १९४७ च्या वाघाच्या रुपयाचा: तो निकेलचा असल्याने चिकटतो.

जुन्या नाण्यांसाठी मेटल डिटेक्टर लागतो, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. भीमेची वाळू बेसॉल्ट खडकाची. तिच्यात लोहयुक्त काळे कण भरपूर. यंत्र जमिनीशी जुळवून न घेता (ग्राउंड बॅलन्स) चालवले तर ते पावलोपावली ओरडते. जिथे धातू नाही अशा जागी तबकडी (दांड्याच्या टोकाचा गोल भाग) वरखाली करून आवाज स्थिर करावा, तरीही गोंगाट राहिला तर संवेदनशीलता उतरवावी. तबकडी वाळूपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, सपाट आणि सावकाश फिरवावी. फेरीच्या शेवटी ती उचलली गेली की खोलवरचे नाणे हुकते. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत कळते.

मोकळ्या भुसभुशीत वाळूत जड नाणे टिकत नाही, पुराबरोबर खाली सरकत जाऊन खडी किंवा चिकणमातीच्या थरावर बसते. म्हणून घाटाच्या शेवटच्या पायरीचा पायथा आणि दगडांच्या सांधी आधी पाहाव्यात. खोऱ्याने काढलेला माल सहा मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्यात चाळावा, मातीचा प्रत्येक गोळा हाताने फोडावा. नाणे त्याच्याच पोटात अडकलेले असते. खड्डा लगेच बुजवावा, वारकरी अनवाणी चालतात.

सापडलेले नाणे चिंच, राख किंवा पितांबरीने घासू नये. तांब्यावरचा घट्ट हिरवा थरच अक्षरे जपतो. तो गेला की शिवराईवरचे ‘श्री राजा शिव’ वाचता येत नाही आणि संग्राहकही पाठ फिरवतो. साध्या पाण्यात भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे, माती मऊ झाली की बांबूच्या काडीने सोडवावी. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणे इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवावे, कारण ती झीज ओलाव्याने वाढते.

जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संरक्षित स्मारकाच्या आवारात, उदा. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात, परवानगीशिवाय उकरता येत नाही.