केस गळणारच, पण कुठे गळावेत ते ठरवता येतं
ग्रूमिंग ग्लव्ह (कुत्र्या-मांजरांचे सुटलेले केस काढायचा हातमोजा) घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकीट फोडण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. या हातमोज्याने केस गळणं थांबत नाही. कोणत्याही ब्रशने, शाम्पूने थांबत नाही, आणि निरोगी जनावराचं ते थांबवायचंही नसतं. मोज्याचं काम एवढंच, की जे केस आज ना उद्या सोफ्यावर, चादरीवर आणि नेमके तुमच्या काळ्या पँटवर पडणार होते, ते तुम्ही ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या वेळी निघतात. एवढी अपेक्षा धरलीत, तर मोजा तुम्हाला निराश करणार नाही.

हे केस येतात तरी कुठून?

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते, बराच काळ तो तसाच मुळाशी बसून राहतो आणि शेवटी सुटतो. त्या जागी नवा येतो. आपल्या डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही वेळी वाढीच्या टप्प्यात असतात. बहुतेक कुत्र्यांमध्ये मात्र वाढ थांबून बसलेल्या केसांचंच प्रमाण मोठं असतं, म्हणून केसगळतीही मोठी. पूडलसारख्या जातींचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. ते घरात कमी सांडतात, पण वेळच्या वेळी कापून घ्यावे लागतात. म्हणजे कष्ट कुणालाच चुकलेले नाहीत.

कोट, म्हणजे अंगावरचा केसांचा थर, कधी बदलायचा हे शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ओळखतं. घरात राहणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, त्यामुळे त्याला ऋतूचा नीट अंदाज येत नाही आणि केस बारा महिने थोडे थोडे गळत राहतात. पिल्लं झाल्यावर काही आठवड्यांनी मादीचे केसही बरेच झडतात, त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, पॉमेरेनियन, इतकंच काय, अंगावर चपटे केस असणारा बीगलसुद्धा डबल कोटवाला. वरचे राठ केस पाणी आणि धूळ अडवतात, खालची मऊ लव ऊब धरते. घरभर तरंगते ती बहुतांशी हीच लव. ‘उन्हाळा आला, सगळे केस काढूनच टाकू’ हा विचार डबल कोटच्या बाबतीत मनातून काढून टाका. तोच कोट उन्हाचा चटकाही अडवतो, आणि मशीन फिरवल्यावर काही कुत्र्यांचे केस पुन्हा पूर्वीसारखे येत नाहीत.

पहिल्यांदा वापरताना

नवा मोजा आधी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. नव्या रबराचा वास नाकाने जगणाऱ्या जनावराला आवडत नाही, आणि मोज्याच्या तळव्यावरच्या सिलिकॉनच्या दाण्यांवर तेलकटपणा किंवा पावडर राहिली असेल तर केस धरत नाहीत. ‘तुमचा मोजा केस पकडतच नाही’ असे जे फोन येतात, त्यांतल्या निम्म्या वेळा आम्ही आधी हेच विचारतो.

जागा अशी निवडा की झाडून घेता येईल. बाल्कनी, बाथरूम, नाहीतर जमिनीवर पसरलेली जुनी चादर. आणि पंखा बंद करा! हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

वेळ निवडायची ती कुत्रा फिरून आल्यानंतरची, अंगातली मस्ती जिरलेली असताना. मोजा आधी जमिनीवर ठेवून त्याला हुंगू द्या. मग उघड्या हाताने गोंजारा, नंतर मोज्याच्या पाठीने, म्हणजे जाळीच्या बाजूने, आणि त्यानंतर दाण्यांच्या बाजूने. लाजऱ्या किंवा नव्याने आणलेल्या प्राण्याला यासाठी दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्या. मोज्याची सगळी गंमत हीच, की त्याला हे काम वाटतच नाही, लाड वाटतात. पहिल्याच दिवशी धरून-दाबून केलंत तर ती गंमत कायमची गेली.

सुरुवात मानेच्या मागून किंवा खांद्यापासून करा. हात केसांच्या दिशेने, लांब आणि सावकाश. जोर किती? नुसतं कुरवाळताना लावता तेवढाच. सिलिकॉनचे दाणे केसांवर घासले जातात तेव्हा मुळातून सुटलेला केस त्यांना धरून बाहेर येतो, पक्का केस जागेवरच राहतो. दाबून चोळलं म्हणून जास्त केस येत नाहीत, कातडी तेवढी लाल होते. आखूड केसांच्या कुत्र्याला मात्र आधी हलक्या हाताने गोल गोल फिरवून केस सैल करावेत, मग सरळ हात मारावा.

आता मांडीच्या मागच्या बाजूला आणि शेपटीच्या बुडाशी या. पहिल्या काही हातांत वरवरचे, रंगाने गडद, ताठ केस येतील. मग एकाएकी फिकट, कापसासारखी लव निघायला लागेल आणि दाण्यांच्या मध्ये ठासून बसेल. थर चांगला जमला की एका कडेला नख घालून सोला. सगळा थर अखंड पट्टीसारखा सुटून येतो. लगेच पिशवीत टाका, वाऱ्यावर सोडू नका. बरेच जण हा थर जमायच्या आत दर दोन हातांनी मोजा झटकत बसतात आणि मग केस उडतात म्हणतात. कोरड्या हवेत लव फारच उडत असेल तर हात किंचित ओला करून अंगावरून फिरवा. किंचितच, चिंब केसांवरून मोजा नुसता घसरतो.

कोपरं, कंबरेची हाडं, पाठीचा कणा इथे हात अगदी हलका. पोट, काखा आणि मादीचे सड शक्यतो वगळा. तोंडावर फक्त बोटांची टोकं. कुत्र्याला एका वेळी पाच ते दहा मिनिटं पुष्कळ झाली. मोजा जवळजवळ रिकामा यायला लागला की उठा. ‘शेवटचा केस निघेपर्यंत’ असं काही नसतं, तो निघतच नाही. जास्त केसगळतीच्या दिवसांत रोज किंवा दिवसाआड, एरवी आठवड्यातून दोनदा.

मांजरांचं वेगळं

मांजर स्वतःच दिवसभर अंग चाटत असतं. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यांत अडकलेला केस त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बराचसा शीवाटे जातो, उरलेला पोटात गोळा होऊन उलटीतून बाहेर येतो, आणि तोही नेमका गालिच्यावर. मोज्यात गेलेला प्रत्येक केस पोटात जायचा वाचला. मांजराच्या बाबतीत मोज्याचा खरा फायदा आम्हाला हाच वाटतो, सोफा नंतर.

पण मांजराला वेळ मोजून द्यायची: दोन-तीन मिनिटं. गाल, हनुवटी, मान, मग पाठ. शेपटीचं टोक आपटायला लागलं, पाठीची कातडी लहरल्यासारखी हलली, कान बाजूला वळले, की हात काढून घ्या. पंजा त्यानंतर येतो. पोट उघडं टाकून लोळतं म्हणजे पोटावर मोजा फिरवा असं आमंत्रण ते देत नसतं. आणि मांजर वारंवार ओकारी काढतंय पण काही बाहेर पडत नाही, खाणं सुटलंय, शी होत नाही, तर तो मोज्याचा विषय नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

मोजा जिथे कमी पडतो

पर्शियन मांजर, लांब केसांचा पॉमेरेनियन, गोल्डनच्या कानामागची आणि मांड्यांची झालर: इथे दाणे त्वचेपर्यंत पोचत नाहीत. वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि खाली जटा तयार होत राहतात. अशांना आधी धातूचा रुंद दातांचा कंगवा, मोजा शेवटी, हात फिरवण्यापुरता. आमच्याकडे कंगवेही मिळतात म्हणून सांगत नाही. जवळ असलेला चालेल.

घट्ट जट बसली असेल तर मोज्याने ओढू नका, कात्रीही लावू नका. जटेबरोबर कातडी वर उचलली जाते आणि ती कुठे संपते, केस कुठे सुरू होतात हे दिसत नाही. त्या जागी ग्रूमरचं मशीनच लागतं. जटा असताना आंघोळही घालू नका, पाण्याने त्या आणखी आवळतात.

आंघोळीच्या वेळी शाम्पू लावल्यावर हाच मोजा छान चालतो, फेस खालपर्यंत पोचतो. शाम्पू मात्र कुत्र्याचाच हवा, कारण माणसाची त्वचा कुत्र्याच्या त्वचेपेक्षा जास्त आम्ल असते आणि आपले शाम्पू आपल्या त्वचेच्या हिशेबाने बनतात. त्याहून महत्त्वाचं: कुत्र्याचं पिसवांचं औषध किंवा औषधी शाम्पू मांजराला कधीही लावू नका. त्यांपैकी अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला विषारी आहे, जिवावर बेतू शकतं. त्या औषधाला लागलेला मोजाही मांजरापासून दूर ठेवा. आंघोळीआधी मोरीच्या जाळीवर एखादं जुनं गाळणं ठेवलंत तर पाइप तुंबणार नाही.

हाताला काय लागतं तिकडे लक्ष असू द्या

आठवड्यातून दोनदा सगळ्या अंगावरून हात फिरतो, तेव्हा पुष्कळ गोष्टी वेळेवर कळतात. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड. नवी गाठ. मोज्यात केसांबरोबर काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. भोवती तांबूस रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे घरात पिसवा आहेत. गोल टक्कल पडून कडेला कोंडा दिसला तर गजकर्ण असू शकतं. ते माणसालाही लागतं आणि ब्रश-मोज्यांतून पसरतं, तेव्हा निदान होईपर्यंत मोजा वापरू नका. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होत असतील, कुत्रा वजन धरून सुस्तावला असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. गळून नवे येतात ती नेहमीची केसगळती. गळून चट्टा उघडा राहतो तो आजार. हा फरक एकदा डोळ्याला बसला की निम्मी काळजी कमी होते.

घरात कुणाला ॲलर्जी असेल तर एक गैरसमज दूर करतो. ॲलर्जी मुळात केसाची नसते, लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. मोजा फिरवताना हा कोंडाही उडतो. म्हणून हे काम ज्याला ॲलर्जी नाही त्याने आणि उघड्यावर करावं. मोजा वापरला म्हणजे ॲलर्जी गेली असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, विकणारे आम्ही असलो तरी.

मोज्याची निगा

प्रत्येक वापरानंतर केस सोलून टाका. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्याने धुवा आणि सावलीत, दाणे वर करून वाळवा. जाळीचा कपडा ओला राहिला तर कुबट वास धरतो. ड्रायर आणि इस्त्री नको. मनगटाच्या पट्टीच्या वेल्क्रोत केस भरून ती पकडेनाशी होते, तेव्हा जुन्या टूथब्रशने ते खरवडून काढा. पट्टी बहुतेक वेळा त्यानंतर नव्यासारखी चिकटते. प्राणी एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाचा मोजा वेगळा ठेवलेला बरा.

मोजा खेळणं म्हणून देऊ नका. चावून तुटलेले दाणे गिळले जातात. एखाददुसरा दाणा झिजला तर चालेल, पण दाणे तुटून धारदार कडा राहिल्या किंवा सिलिकॉन कापडापासून सुटायला लागलं, की तो मोजा टाका. अंगावर वापरायच्या लायकीचा राहिला नाही, तरी कडा ठीक असतील तर सोफा आणि गाडीच्या सीटवरचे केस काढायला आणखी बरेच दिवस चालतो. धुऊन, किंचित ओला करून, एकाच दिशेने ओढा.