पेन-पेन्सिल टिकते कशामुळे?

मेकॅनिकल पेन्सिल, म्हणजे आपली पेन-पेन्सिल, विकत घेताना ती धातूची आहे की प्लास्टिकची, हाताला जड लागते की हलकी, हेच आपण सहसा पाहतो. पण ती बिघडते तेव्हा दोष क्वचितच बाहेरच्या नळीत असतो; बिघाड होतो तो टोकाशी किंवा टोकाच्या लगेच मागे, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत. रोज लिहिण्यासाठी चांगली पेन्सिल हवी असेल तर या जागेत काय चालते ते समजून घ्यायला हवे.

टोक फिरवून काढले की आत एक बारीक नळी दिसते, जिचे तोंड उभे चिरून त्याचे दोन किंवा तीन जबडे केलेले असतात. हा क्लच. त्याच्यावर एक कडे चढवलेले असते आणि स्प्रिंग क्लचला मागे ओढून धरते, त्यामुळे कड्याच्या दाबाने जबडे आवळले जाऊन शिशाची कांडी घट्ट पकडली जाते. मागचे बटण दाबल्यावर क्लच कांडीला घेऊन पुढे सरकतो, कडे वाटेत अडते आणि जबडे उघडतात. बटण सोडल्यावर क्लच मागे जातो, कांडी मात्र पुढेच राहते, कारण टोकात बसवलेले रबराचे चिमुकले कडे तिला धरून ठेवते. स्वस्त पेन्सिलींत क्लच प्लास्टिकचा असतो. त्याचे जबडे झिजले की लिहिता लिहिता कांडी आत सरकू लागते. पितळी क्लच गंजत नाही आणि त्याच्या कडा वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच प्लास्टिकच्या साध्या नळीत पितळी क्लच असलेली पेन्सिल ही धातूच्या चकचकीत नळीत प्लास्टिकचा क्लच दडवलेल्या पेन्सिलीपेक्षा केव्हाही चांगली.

कांडी पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये १८२२ साली सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी घेतले. जपानमध्ये १९१५ च्या सुमारास तोकुजी हायाकावा यांनी धातूची अशी पेन्सिल बाजारात आणली, आणि पुढे रेडिओ-टीव्हीसाठी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘शार्प’ कंपनीला नाव मिळाले ते या पेन्सिलीवरूनच. तरीही अर्ध्या मिलिमीटरची कांडी रोजच्या वापरात यायला १९६० चे दशक उजाडावे लागले. साध्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजलेली असते. हे मिश्रण इतक्या बारीक जाडीत लिहिण्याचा दाब सोसत नाही. आज पेंटेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी कंपनीने १९६० मध्ये मातीऐवजी राळेसारखे पॉलिमर वापरले. भट्टीत त्याचाही कार्बन होतो आणि तो ग्रॅफाइटच्या कणांना घट्ट बांधून ठेवतो.

आता जाडीचा प्रश्न. टोकातून बाहेर आलेली कांडी वाकून तुटते, आणि वाकण्याला होणारा तिचा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. छापील आकडे घेतले तर ०.७ ची कांडी ०.५ च्या कांडीपेक्षा सुमारे २.७ पट मजबूत ठरते, प्रत्यक्षात ०.५ म्हणून विकली जाणारी कांडी साधारण ०.५६ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे हा फरक दुपटीच्या आसपास राहतो. तोही काही थोडा नव्हे. शिवाय कांडी दुप्पट बाहेर काढली तर निम्म्याच जोराने ती तुटते, म्हणजे चार-पाचदा टिकटिक करून लिहायची सवय महागड्या पेन्सिलीलाही परवडणारी नाही. दाब देऊन लिहिणाऱ्याने ०.७ घ्यावी, हलक्या हाताच्या, बारीक अक्षर काढणाऱ्या माणसाला ०.५ पुरते.

टोकाच्या आकाराकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आराखडे काढण्यासाठी बनवलेल्या पेन्सिलींना सुमारे चार मिलिमीटर लांबीची, सरळ, बारीक धातूची नळी असते, कारण ती पट्टीला चिकटून चालावी लागते. रॉट्रिंग ६०० सारख्या पितळी पेन्सिली याच जातीच्या आहेत आणि त्यांची घडण खरोखर देखणी आहे. पण अशी पेन्सिल टेबलावरून टोकावर पडली की नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीतून कांडी धड सरकत नाही. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. पेन्सिल जितकी जड, तितका तिच्या पडण्याचा आघातही मोठा. दणकट दिसणारी पेन्सिल नेमकी टोकाशी नाजूक ठरते ती यामुळे. खिशातून, दप्तरातून फिरणाऱ्या पेन्सिलीला आखूड शंकूसारखे किंवा आत ओढून घेता येणारे टोक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘कुरू टोगा’ या २००८ साली आलेल्या जपानी पेन्सिलीत टोक कागदावरून उचलले की आतली दातेरी चाके कांडीला किंचित फिरवतात, त्यामुळे ती एकाच बाजूने झिजत नाही आणि अक्षराची जाडी एकसारखी राहते. इंग्रजी अक्षरे एकमेकांना जोडून लिहिताना हात फारसा उचलला जात नाही, म्हणून तिथे या सोयीचा उपयोग कमी. देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि वरची रेघ यांसाठी हात सारखा उचलावा लागतो, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला ती चांगली मानवते. टोक किंचित हलल्यासारखे वाटते, तेवढे मात्र चालवून घ्यावे लागते.

दुकानात पारख करायला दोन मिनिटे पुरतात. थोडी कांडी बाहेर काढून टोक कागदावर उभे दाबावे. ती आत सरकली तर पेन्सिल परत ठेवावी. मग बटण आठ-दहा वेळा दाबून कांडी दरवेळी सारखीच पुढे येते का ते बघावे आणि टोक चिमटीत धरून हलवून पाहावे.

घरी आणल्यावर नळीत दोन-तीन कांड्यांपेक्षा जास्त भरू नयेत, कारण दाटी झाली की त्या आतच तुटतात आणि त्यांचा चुरा क्लचमध्ये अडकतो. शेवटचा सेंटिमीटरभर तुकडा क्लचच्या पुढे राहिल्यामुळे जबड्यांना पकडता येत नाही. मागची कांडी त्याला ढकलत राहते, पण लिहिताना तो गरगर फिरतो. तेव्हा तो ओढून काढलेलाच बरा.